थेरपी शिकणाऱ्यांचे कर्ज आणि पदवीच्या नावाचा घोळ

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘अमेरिकेत नर्सिंग आणि फिजिओथेरपी या आता व्यावसायिक पदव्या राहिल्या नाहीत’ अशा आशयाची बातमी गेल्या काही महिन्यांत मराठी माध्यमांतून, आणि त्याहून अधिक व्हॉट्सॲपवरून, फिरते आहे. मुंबईत फिजिओथेरपी शिकून गेली बावीस वर्षे मी न्यू जर्सीत हेच काम करत असल्यामुळे ती बातमी मला निरनिराळ्या नातेवाइकांकडून किमान दहा वेळा आली, आणि ‘मग आता तुझं लायसन्स जाणार का गं?’ असे विचारायला मावशीने मध्यरात्री फोनही केला. कोणाचेही लायसन्स जाणार नाही. बदल झाला आहे तो अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्जांच्या मर्यादेत. मात्र तो मावशीला वाटला त्याहून कमी नाट्यमय असला, तरी अनेक घरांच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे आणि ज्या मराठी कुटुंबांची मुले अमेरिकेत वाढून आता या व्यवसायांकडे वळत आहेत, त्यांना तो नेमका समजणे आवश्यक आहे, म्हणून हे पत्र.

४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या सहीने मंजूर झालेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीची ‘ग्रॅड प्लस’ ही कर्जयोजना नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६पासून बंद करण्याची तरतूद आहे. ही योजना २००६मध्ये सुरू झाली होती. तिचे वैशिष्ट्य असे की, विद्यापीठ जो एकूण खर्च जाहीर करील, म्हणजे फी, पुस्तके, घरभाडे, जेवण, त्यातून इतर मदत वजा जाता उरलेली सगळी रक्कम विद्यार्थ्याला सरकारकडून कर्जाऊ मिळे. वरची मर्यादा अशी नव्हतीच. ती जाऊन आता दोन कप्पे राहतील. सर्वसाधारण पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १ लाख डॉलर. ‘व्यावसायिक’ पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर. साहजिकच सगळा प्रश्न येऊन थांबतो तो ‘व्यावसायिक’ कोणाला म्हणायचे यावर.

कायद्याने त्यासाठी नवी व्याख्या केली नाही, तर शिक्षण विभागाच्या नियमावलीत आधीपासून असलेल्या व्याख्येकडे बोट दाखवले. ती व्याख्या वाचली तर फिजिओथेरपी बाहेर राहण्याचे कारण दिसत नाही. एखाद्या व्यवसायात काम सुरू करण्यासाठी आवश्यक असलेले शिक्षण पूर्ण झाल्याची खूण, पहिल्या पदवीच्या पलीकडचे कौशल्य, आणि सामान्यतः परवान्याची गरज, असे तिचे तीन निकष आहेत. पुढे उदाहरणे दिली आहेत: औषधनिर्माण, दंतवैद्यक, पशुवैद्यक, कायरोप्रॅक्टिक (मणका हाताने सरकवून करायचे उपचार), कायदा, वैद्यक, ऑस्टिओपॅथी, नेत्रतपासणी, पायांचे वैद्यक आणि धर्मशास्त्र. या यादीच्या आधी ‘यांचा समावेश होतो, पण एवढ्यापुरतेच मर्यादित नाही’ अशा अर्थाचे शब्द स्पष्ट आहेत. परंतु नियम ठरवण्यासाठी बसलेल्या समितीने नोव्हेंबर २०२५मध्ये ज्या मसुद्यावर एकमत केले, त्यात उदाहरणांची हीच यादी जवळपास संपूर्ण यादी होऊन बसली. भर पडली ती एका क्लिनिकल सायकॉलॉजीतील डॉक्टरेटची. फिजिकल थेरपी (फिजिओथेरपीचे येथील नाव), ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार), ऑडिओलॉजी (श्रवणदोषांवरील उपचार), स्पीच थेरपी (वाचादोषांवरील उपचार), समाजकार्य आणि समुपदेशन हे सर्व सर्वसाधारण कप्प्यात गेले.

धर्मशास्त्राबद्दल मला आदर आहे, पण धर्मगुरू होण्यासाठी कोणत्याही राज्याचा परवाना लागत नाही. कायरोप्रॅक्टिकचे उदाहरण त्याहून बोलके आहे. तेथे प्रवेशासाठी पहिली पदवी पूर्ण असणे सर्वत्र बंधनकारक नाही, सुमारे तीन वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणावर प्रवेश मिळू शकतो, आणि मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना कायरोप्रॅक्टरच्या मणका हाताने सरकवण्याच्या एका उपचाराचेच पैसे देते. उलट फिजिकल थेरपीचा विद्यार्थी साधारणपणे चार वर्षांची पदवी घेऊन मग तीन वर्षे डॉक्टरेट करतो, राष्ट्रीय परीक्षा देतो, आणि नंतरच त्याला रुग्णावर स्वतंत्रपणे उपचार करता येतात. त्याच पाठदुखीच्या रुग्णावर उपचार करायला शिकणाऱ्या या दोघांपैकी पहिल्याला सरकार वर्षाला ५०,००० डॉलर कर्ज देईल आणि दुसऱ्याला २०,५००. यात कायरोप्रॅक्टरांचा दोष नाही. त्यांचे नाव फार पूर्वी यादीत लिहिले गेले, आमचे तेव्हा लिहिण्याजोगे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

लिहिण्याजोगे का नव्हते, हे सांगताना मला स्वतःच्या व्यवसायाबद्दलही थोडे कडू बोलावे लागेल. या देशात फिजिकल थेरपीचा जन्म पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेतून झाला, पोलिओच्या साथींनी ती वाढली, आणि दीर्घकाळ पहिल्या पदवीवर हा व्यवसाय करता येत असे. मीदेखील मुंबईहून पहिली पदवी घेऊनच येथे आले, कागदपत्रांची तपासणी आणि राष्ट्रीय परीक्षा पार पडल्यावर कामाला लागले, आणि तेव्हा माझ्या सरकारी महाविद्यालयातील फी इतकी नाममात्र होती की कर्ज हा शब्दही घरात निघाला नव्हता. दरम्यान येथील व्यावसायिक संघटनेने २०००मध्ये २०२०पर्यंत सर्व थेरपिस्ट डॉक्टरेटधारक असावेत असे ध्येय ठेवले, आणि २०१६ उजाडताना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी डॉक्टरेट सक्तीची झाली. ऑक्युपेशनल थेरपीत २००७पासून मास्टर्स पदवी किमान ठरली. ऑडिओलॉजीही मास्टर्सवरून डॉक्टरेटवर गेली. अभ्यास वाढला, हे खरे आहे. रुग्ण थेट आमच्याकडे येऊ लागल्यावर तो वाढणे गरजेचेही होते. पण विमा कंपनी जेव्हा गुडघ्याच्या व्यायामाचे पैसे देते, तेव्हा तो व्यायाम घेणाऱ्याची पदवी विचारत नाही. मी पुढे नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार खर्चून डॉक्टरेट पूर्ण केली. नावापुढे अक्षरे वाढली, पगाराच्या चिठ्ठीत काही फरक पडला नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आणि ज्या काळात या पदव्या लांबत होत्या, नेमक्या त्याच काळात ग्रॅड प्लसमुळे लागेल तेवढे कर्ज उपलब्ध होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्यामुळे मर्यादा घालणाऱ्यांची बाजू मी उडवून लावणार नाही. सरकारी मदत वाढली की महाविद्यालये फी वाढवतात, हा आरोप तेव्हाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी १९८७मध्येच जाहीरपणे केला होता. अर्थतज्ज्ञांत त्यावर आजही वाद आहे, परंतु ज्याने एखाद्या खासगी विद्यापीठाचे फीपत्रक पाहिले आहे त्याला त्या आरोपात काहीच तथ्य नाही असे म्हणणे जड जाईल. अनेक ठिकाणी फिजिकल थेरपीच्या तीन वर्षांची केवळ फी १ लाख डॉलरच्या पुढे जाते. उत्तीर्ण झाल्यावरचा मध्यम पगार सरकारी आकडेवारीनुसार १ लाख डॉलरच्या आसपास आहे, पण तो अनुभवी आणि नवख्या सर्वांचा मिळून. पहिल्या नोकरीत तेवढा सहसा मिळत नाही. ग्रॅड प्लसचे व्याज २०२५-२६ या वर्षासाठी ८.९४ टक्के होते, आणि शिवाय कर्ज हातात पडण्याआधीच ४ टक्क्यांहून थोडे अधिक प्रक्रिया शुल्क कापले जाई. अशा कर्जाचे मी गुणगान करावे, असे मला वाटत नाही. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या काही मुली आज चाळिशीकडे झुकल्या आहेत आणि त्यांचे मुद्दल जेमतेम हलले आहे.

पण आजारावर औषध देताना मात्रा कोणाला किती द्यायची, हे तरी नीट पाहायला हवे होते. २०,५०० हा आकडा आजच्या खर्चाचा अभ्यास करून काढलेला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या नियमित सरकारी कर्जाची वार्षिक मर्यादा २००७पासून हीच आहे. वाढीव खर्चाचा भार ग्रॅड प्लस उचलत असल्यामुळे ती बदलण्याची निकड कोणाला भासली नाही. आता ग्रॅड प्लस काढून घेतल्यावर जुनी मर्यादा जशीच्या तशी उघडी पडली. थेरपीच्या तीन वर्षांत तिच्यातून जास्तीत जास्त ६१,५०० डॉलर मिळतात. म्हणजे एकूण १ लाखाची जी मर्यादा कायद्यात उदारपणे लिहिलेली दिसते, तिथपर्यंत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी पोहोचूच शकत नाही. हे ६१,५००ही बिनव्याजी नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकत असताना व्याजमाफी देणारी कर्जे २०१२पासून बंद आहेत, त्यामुळे ७.९४ टक्के हा २०२५-२६चा दर तिन्ही वर्षे धरला, तर पदवी हाती येईपर्यंत सुमारे पावणेदहा हजार डॉलर व्याज साठलेले असते आणि पहिला हप्ता भरण्याआधीच कर्ज ७१,०००च्या घरात जाते.

उरलेले पैसे कोठून येणार, हा खरा प्रश्न आहे. उत्तर एकच: खासगी बँका. तेथे विद्यार्थ्याचे गुण किंवा होणारा व्यवसाय यांपेक्षा त्याचा पतइतिहास पाहिला जातो, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या मुलामुलींना तो नसल्याने जामीनदार म्हणून आईवडिलांची सही मागितली जाते. ज्यांचे स्वतःचे घर आहे, नोकरी स्थिर आहे, त्यांना ही सही जड नाही. नुकतेच स्थलांतर केलेल्या, टॅक्सी चालवणाऱ्या किंवा दुकानात उभ्या असलेल्या पालकांना ती शक्यच होत नाही, किंवा झाली तर व्याजाचा दर चढा लागतो. सरकारी कर्जाला जी संरक्षणे आहेत, ती खासगी कर्जाला नाहीत. सार्वजनिक किंवा ना-नफा संस्थेत काम करत १२० हप्ते भरल्यावर उरलेले कर्ज माफ करणारी २००७ची योजना फक्त सरकारी कर्जासाठी आहे. १ जुलै २०२६पासून येणारी नवी परतफेड योजनाही तशीच. तिच्यात उत्पन्नाच्या १ ते १० टक्के हप्ता आणि ३० वर्षांनी उरलेले माफ, अशी रचना आहे. ९५,००० डॉलर उत्पन्नाला ९ टक्के म्हणजे महिन्याला सुमारे ७१२ डॉलर. हप्त्याने न भागलेले व्याज त्या योजनेत माफ होते, ही तिची चांगली बाजू मी मुद्दाम नोंदवते. परंतु अर्धे कर्ज सरकारी आणि अर्धे खासगी असलेल्या मुलीला नोकरी गेल्यावर सरकारी हप्ता दहा डॉलरवर आणता येईल, खासगी बँक मात्र पूर्ण हप्ताच मागेल.

यापेक्षाही जी बाब मला सर्वांत अधिक खुपते, तिची चर्चा कोठेच होत नाही. थेरपीच्या शिक्षणाचा मोठा भाग वर्गात नसतो. फिजिकल थेरपीत किमान ३० आठवडे, ऑक्युपेशनल थेरपीत २४ आठवडे पूर्णवेळ रुग्णालयात किंवा क्लिनिकमध्ये काम करावे लागते. स्पीच थेरपीचे प्रमाणपत्र हवे असेल तर ४०० तास, आणि त्यानंतर पुन्हा ३६ आठवड्यांचा देखरेखीखालचा काळ. समाजकार्याच्या मास्टर्सला ९०० तास. गेली पंधरा वर्षे मी अशा विद्यार्थ्यांना माझ्या हाताखाली घेते. गेल्या वर्षी आलेली मुलगी सकाळी आठ वाजता हजर असे, पक्षाघाताच्या रुग्णाला पलंगावरून खुर्चीत बसवण्यापासून नोंदी लिहिण्यापर्यंत सर्व करी, साडेचारला निघे आणि थेट एका उपाहारगृहात रात्रीच्या पाळीला जाई. तिला मिळणारा मोबदला शून्य. मला शिकवण्याबद्दल मिळणारा मोबदलाही जवळजवळ शून्य. आणि तरी त्या आठवड्यांची पूर्ण फी विद्यापीठ तिच्याकडून घेत होते, ती तिने कर्ज काढून भरली होती. म्हणजे जे शिक्षण विद्यापीठाबाहेर, दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या वेळात होते, त्यासाठी तिच्यावर आठ-नऊ टक्के व्याज चढत होते. कर्ज आवरायचे असेल, तर कात्री पहिल्यांदा या आठवड्यांच्या फीला लावायला हवी. हे कोणत्याही कायद्याशिवाय, विद्यापीठांना उद्याच करता येण्याजोगे आहे. इतकी वर्षे त्यांनी ते केले नाही, कारण करण्याची गरजच नव्हती.

मानसोपचारातील विषमता आणखी विचित्र आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट यादीत घेतली, हे योग्यच झाले. पण प्रत्यक्षात ज्यांच्यासमोर बसून माणसे आपले दुःख सांगतात, त्यांतील बहुसंख्य समुपदेशक, कुटुंब-समुपदेशक आणि क्लिनिकल सोशल वर्कर हे मास्टर्स पदवीधारक असतात. त्यांनाही राज्याचा परवाना लागतो, पदवीनंतर आणखी काही वर्षे देखरेखीखाली काम केल्यावरच तो पूर्ण मिळतो, आणि त्यांचा मध्यम पगार ६०,००० डॉलरच्या आसपास घोटाळतो. यांच्या बाबतीत कमी मर्यादा कदाचित हिताचीच ठरेल असे कोणी म्हटले, तर त्यात मी पुरती असहमत नाही, कारण ६०,००० पगारावर सव्वा लाखाचे कर्ज घेणे म्हणजे गळ्यात धोंडा बांधून घेणे होय. मात्र तो तर्क लावायचा तर पगार हाच निकष सर्वांना सारखा लावावा. धर्मशास्त्राच्या पदवीधराला कोणत्या पगारावर २ लाखांची मर्यादा दिली, हेही मग सांगावे लागेल.

शिक्षण विभागाचे म्हणणे असे आहे की ही व्याख्या केवळ कर्जमर्यादेपुरती आहे, व्यवसायाच्या प्रतिष्ठेशी तिचा संबंध नाही, आणि मर्यादेमुळे विद्यापीठे फी कमी करतील. पहिला भाग मान्य. मावशीलाही मी तेच सांगितले. दुसऱ्या भागाबद्दल मला शंका आहे. काही विद्यापीठे फी उतरवतील, काही अभ्यासक्रम आखूड करतील, काही बंदही करतील, आणि हे व्हायला पाच-सात वर्षे जातील. जी मुलगी यंदा प्रवेश घेते आहे, तिला त्या पाच वर्षांचा उपयोग नाही. १९७५पासून या देशात अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत आवश्यक ती थेरपी मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि शाळेत स्पीच थेरपिस्ट मिळत नाही म्हणून महिनोन्महिने थांबलेली मुले माझ्या परिचयातील घरांत आहेत. एका कायद्याने सेवा देण्याची सक्ती करायची आणि दुसऱ्याने ती सेवा देणारे तयार होण्याची वाट अरुंद करायची, हे एकाच सरकारला कसे जमते, हा प्रश्न मी माझ्या मतदारसंघाच्या लोकप्रतिनिधींनाही लेखी विचारला आहे. माझी मागणी साधी आहे: नियमावलीतील परवान्याचा निकष प्रामाणिकपणे लावावा, आणि ज्या पदवीशिवाय राज्याचा परवाना मिळत नाही, ती पदवी व्यावसायिक मानावी. वाटल्यास मर्यादा ५०,०००ऐवजी ३५,००० ठेवा. पण रेषा नावावरून नव्हे, कामावरून ओढा.

आपल्या वाचकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. भारतातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना ही सरकारी कर्जे पूर्वीही मिळत नव्हती आणि यापुढेही मिळणार नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी या कायद्याने थेट काही बदलत नाही. ‘अमेरिकेने फिजिओथेरपीचे दार बंद केले’ असे सांगून घाबरवणाऱ्या किंवा दुसऱ्या देशाचा प्रवेश विकणाऱ्या एजंटांकडे दुर्लक्ष करावे. मात्र ज्यांची मुले येथील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहेत, त्यांनी तारखा नीट पाहाव्यात. ३० जून २०२६पर्यंत अभ्यासक्रमात दाखल झालेल्या आणि त्याच अभ्यासक्रमासाठी तोवर सरकारी कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्याला जुने नियम आणखी तीन वर्षे, किंवा अभ्यासक्रम संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर लागू राहतील. थेरपीचे बरेच वर्ग मे-जूनमध्येच सुरू होतात, त्यामुळे महिन्याभराच्या फरकाने मोठा फरक पडू शकतो. आणि मध्येच विद्यापीठ बदलले तर ही सवलत हातची जाऊ शकते. प्रवेश स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला, क्लिनिकलच्या आठवड्यांची फी किती, हा प्रश्न स्वतंत्रपणे आणि लेखी विचारावा. माझ्या अनुभवात त्याचे सरळ उत्तर पहिल्या ई-मेलला येत नाही, दुसरी पाठवावी.

आपली,
न्यू जर्सी येथील एक फिजिओथेरपिस्ट वाचक
(नाव व पत्ता संपादकीय विभागाकडे दिला आहे)